भुसावळ, अकोला बोलतेय

पहिली पाच-सहा वर्षं मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. ती भुसावळ आणि मी अकोला. 1980 साली मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा ट्रंक बोर्डावर माणसांना नावं नसायची, गावं असायची. कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात कॉर्ड आणि तोंडी, "भुसावळ, अकोला बोलतेय, जळगाव द्या." पलीकडून "थांबा हं अकोला" असा जरा नाकातला आवाज यायचा. दुपारी लाईनी मोकळ्या झाल्या की त्याच आवाजात भरिताची वांगी कशी भाजायची तेही यायचं. तिची दोन बाळंतपणं मी ऐकली, माझ्या सासूबाईंचा अर्धांगवायू तिनं ऐकला. एकमेकींना पाहिलं मात्र कधीच नाही.

नव्या पिढीला सांगायला हवं म्हणून सांगते. तेव्हा परगावी बोलायचं तर 180 फिरवून कॉल 'बुक' करायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल कधी चार तासांनी लागायचा. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. पीपी म्हणजे ठरावीक माणूसच लाईनवर हवा, भलत्यानं फोन उचललेला चालायचा नाही. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्येच तोंड घालायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" एसटीडी घरोघर आलं तशी बोर्डावरची धावपळ ओसरली. मग मी चौकशीला बसले, मग बिलांच्या टेबलावर. खात्याचं बीएसएनएल झालं आणि 2019 मध्ये मी हार-नारळ घेऊन घरी आले.

त्यानंतर काही महिन्यांतच, 31 जानेवारी 2020 ला, स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत देशभरातले आमचे 78 हजारांवर सहकारी एका दिवसात बाहेर पडले. मी मुद्दाम ऑफिसात गेले होते. निरोप कोणी कोणाला द्यायचा हाच प्रश्न होता, कारण देणारेच निघाले होते. "एकदा सगळे निवांत भेटू" असं ठरलं आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुढच्या वर्षी आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक फोटो आला. बडनेऱ्याची, माझ्या ओळखीचा सगळ्यात हसरा आवाज. तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो हार घातलेल्या फोटोत.

तेव्हा एका जुन्या वहीत नावं लिहून काढली. बोर्डावरच्या पाच, शाळेतल्या तीन, परतवाड्याचा मोठा भाऊ, मिरजेची बहीण आणि दोन मावसबहिणी. यातल्या नात्यातल्यांना मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यात भेटतच होते. पण ती काय भेट? लग्नात बहीण समोर येते, साडीचा पदर बघते, "वाळलीस गं" म्हणते, तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं आणि "नंतर बोलू" म्हणून ती जाते. नंतर म्हणजे पुढचं लग्न, नाहीतर कोणाचा तरी तेरावा. म्हणून मी एक ठरवलं: ज्या घरी काहीही नाही, बारसं नाही, मुंज नाही, आजारपण नाही, त्या घरी जायचं. लोक आधी घाबरतात. भावानं फोनवर तीनदा विचारलं, "सगळं बरं हाये ना वं? मंग काऊन येऊन रायली?"

परतवाड्याला लहानपणी आम्ही मूर्तिजापूरहून शकुंतलेनं जायचो. अरुंद रुळांवरची ती गाडी 76 किलोमीटरला चार तास घ्यायची आणि आजोबा म्हणायचे की शेतात उतरून हरभरा उपटून पुन्हा डब्यात चढता येतं. ती बंद पडली. आता एसटी. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, आमच्या ह्यांना 65 च्या वर म्हणून अर्धं. पंच्याहत्तरी ओलांडली की राज्यात एसटी फुकट. भाऊ 78 चा आहे, पण आधार कार्ड दाखवावं लागतं म्हणून रुसून पूर्ण तिकीट काढतो. रेल्वेत मात्र उलटी गंमत. बायकांना 58 नंतर मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. निवृत्तीनंतर मी ती जेमतेम एकदा वापरली.

सवलत गेली तरी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे: पुरुषांना 60 पासून, बायकांना 45 पासून. पण तो एकट्या-दुकट्यालाच. मुलानं एकदा आमच्या दोघांबरोबर स्वतःचंही तिकीट एकत्र काढलं आणि तिघांनाही वरचे-मधले बर्थ आले. आमचे हे रात्रभर मधल्या बर्थवर पालथे. तेव्हापासून आमचं तिकीट वेगळं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणून कॅलेंडरवर त्या तारखेला मी लाल गोल करते.

भुसावळला मी एकटीच गेले. जेमतेम अडीच तासांचा प्रवास. शेगावला गाडी थांबली तेव्हा कचोऱ्या घेतल्या. रिक्षातून उतरले तर दारात एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई तुळशीला पाणी घालत होती. मनातली भुसावळ जाडजूड होती, का कोण जाणे. मी म्हटलं, "भुसावळ, अकोला बोलतेय." तिनं नुसतं पाहिलं. मी पुन्हा म्हटलं. आतून सून आली आणि म्हणाली, "मावशी, उजव्या बाजूनं बोला, डाव्या कानानं येत नाही त्यांना." हेडसेटचा कान तो. मी वळसा घालून उजवीकडे गेले आणि तिसऱ्यांदा म्हटलं. तिनं तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि त्याच नाकातल्या आवाजात म्हणाली, "लाईन किती वर्षं बुक करून ठेवली होतीस?"

तीन रात्री राहिले. पहिल्या संध्याकाळी आम्हाला बोलताच येईना. समोरासमोर बसलं की दोघींनाही अवघडल्यासारखं व्हायचं, डोळे कुठे ठेवावेत कळायचं नाही. रात्री दिवे गेले आणि अंधारात गप्पा सुरू झाल्या त्या दोनपर्यंत.

तीनच रात्री का, तेही सांगते. पहिल्या वर्षी मी पुण्याला भाचीकडे दहा दिवस राहिले. सहाव्या दिवशी तिची घरूनच कसलीशी मीटिंग चालली असताना मी कुकर लावला आणि चार शिट्ट्या होऊ दिल्या. ती काही बोलली नाही. पण तिचं ते न बोलणं मला कळलं. ट्रंक बोर्डाचा तीन मिनिटांचा नियम मी तेव्हापासून माणसांना लावला: तीन रात्री, पुढे घरच्यांनी आपणहून वाढवल्या तरच. बहिणीकडे अपवाद. तिच्याकडे मी महिना काढते.

मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते. गोंदियाहून निघून कोल्हापूरपर्यंत, राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक तिला रखडणारी म्हणतात. मला ती आवडते, कारण तिच्या वाटेवरच माझी अर्धी वही आहे. जाताना पिशवीत पाच किलो तूरडाळ आणि मूगवड्या, येताना सांगलीची हळद आणि बेदाणे. औषधांची पिशवी मात्र गळ्यात. एकदा रक्तदाबाच्या गोळ्या सीटखालच्या बॅगेत कुलूपबंद राहिल्या आणि किल्ली ह्यांच्या खिशात, अकोल्याला. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी घरी परतायची घाई असते. मी गेल्या वर्षी मिरजेच्या गच्चीवर बसून मोबाईलला चेहरा दाखवला आणि दाखला गेला. बहीण मागून म्हणाली, "डोळे मिटू नकोस, मेलीस म्हणतील."

वहीत आता वर्धा उरलंय. बोर्डावर ती सगळ्यात कडक होती, अर्ध्या सेकंदाचीही सूट द्यायची नाही. परवा नंबर मिळाला, लगेच लावला. उचलणाऱ्याच्या श्वासावरूनच ओळखलं. म्हटलं, "वर्धा, अकोला बोलतेय. यायचं म्हणते."

क्षणभर शांतता. मग जुन्याच करड्या आवाजात आलं, "साधा की अर्जंट?"