सीपीयूच्या डब्यात गटाचं दप्तर कुठं असतं?

ताईंनो, गटाची वही कपाटातल्या कुठल्या कप्प्यात आहे, हे आपल्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण प्रभागसंघाच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदी कुठं राहतात असं विचारलं, की सगळ्याजणी ऑपरेटरकडं बघतात. नाबार्डनं २०१५ साली ई-शक्ती प्रकल्पातून बचत गटांच्या नोंदी संगणकावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोनच जिल्हे होते: झारखंडचा रामगड आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. आता नांदेड-लातूरकडंही संगणकाशिवाय पान हलत नाही. ऑनलाइन भरलेलं वरती जातं, पण ठरावाच्या प्रती, फोटो, कर्जाचे तक्ते कार्यालयातल्या मशीनमध्येच राहतात. म्हणून मशीन दुरुस्तीला निघालं, की त्याचा डबा आतून कसा असतो हे थोडं माहीत पाहिजे.

आपण ज्याला सीपीयू म्हणतो, तो डबा आतून फडताळासारखाच असतो. वरचे रुंद कप्पे सव्वापाच इंची, समोरून उघडे. तिथं सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह बसतो, कारण त्याचा ट्रे बाहेर यावा लागतो. साडेतीन इंची कप्पे आतल्या बाजूला, ते हार्ड डिस्कचे. एसएसडी त्याहून लहान, अडीच इंची.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात, बऱ्याच डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. चालू असताना डबा हलवला, स्टूल डगमगलं, तर आतल्या चकतीवर ओरखडा पडू शकतो, आणि तिथली नोंद गेली ती गेलीच. डिस्क आडवी चालते, उभी चालते, पण वायरीला लोंबकळत ठेवलेली चालत नाही. चारही स्क्रू लावून घ्या. (हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, डीव्हीडी ड्राइव्हचे बारीक, अदलाबदल केली तर आटे मरतात.) दोन डिस्क असतील तर मधला एक कप्पा मोकळा सोडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, त्यात डब्यातली गरमी वेगळी. समोरचा पंखा हवा ओढतो, तिथं धूळ साचू देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. जमत असेल तर दोन डिस्क ठेवा. विंडोज लहान एसएसडीवर आणि गटांचं दप्तर वेगळ्या हार्ड डिस्कवर. प्रत्येक डिस्कला दोन वायरी असतात: एक रुंद, विजेची, आणि एक बारीक, मदरबोर्डला जाणारी. विंडोज बिघडलं की मिस्त्री म्हणतो, “फॉरमॅट मारावं लागंल.” मारू द्या, पण आधी मशीन बंद करून, प्लग काढून, दप्तराच्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढायला सांगा. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जात नाही. विंडोज बसलं, की पुन्हा मशीन बंद करून वायरी जोडायच्या. पाच मिनिटांचं काम आहे, मिस्त्री कंटाळला तरी सोडू नका.

डिस्क एकच असेल, तर फॉरमॅटच्या आधी फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या दुसऱ्या मशीनवर उघडतात का ते स्वतः बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नाही.

डीव्हीडी ड्राइव्ह जुना झाला म्हणून लगेच काढू नका. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे वर्षाचे ठराव आणि लेखापरीक्षणाची कागदं आरामात. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी घेतली तर त्यावरची फाइल नंतर कुणाला बदलता येत नाही. ही प्रत कार्यालयात नको, कुलुपात दुसऱ्या ठिकाणी ठेवा, उन्हापासून लांब. डीव्हीडीही कालांतरानं खराब होते, तेव्हा तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

आणि बदललेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात सगळ्याजणींचे आधार आणि बँक खात्याचे नंबर असतात. बिलासोबत ती परत मागून घ्या, आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ती कुणाच्या ताब्यात आहे ते लिहा.