भिंगांचा वाद

ॲरिझोनातील पेज गावाजवळची खालची अँटेलोप घळ पाहण्यास आम्ही निघालो, तेव्हा भाच्याशी वाद झाला तो भिंगांवरून. तो म्हणे, लांब पल्ल्याचे २०० मिलिमीटरचे घ्यावे. पण ही काही ग्रँड कॅन्यनसारखी ऐसपैस दरी नव्हे. पुराच्या पाण्याने वालुकाश्मात कोरलेली ती चिंचोळी फट. कित्येक ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. तेथे १६ ते ३५ मिलिमीटरचे रुंद भिंगच उपयोगी. शिवाय वरून वाळू झरत असते; आत भिंग बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात रेती भरणे! मैफलीपूर्वीच तंबोरे लावून घ्यावेत, तसे मी मुक्कामावरच भिंग चढवून घेतले.

ही भूमी नवाहो लोकांची. त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. लोखंडी जिन्याने उतरताना मला १२ ऑगस्ट १९९७ आठवला. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर, आणि लोंढ्यात येथे अकरा प्रवासी गेले. मी वर पाहिले. आकाशाची निळी पट्टी तेवढी दिसत होती. रुंद भिंगातही ती सबंध मावेना.