आवाज बसलाय? दिवस मोजा!



बाजारात भाजी विकताना, अंगणवाडीत मुलांना शिकवताना, भजनात गाताना आपलं हत्यार एकच, आवाज. तो बसला की आपण हळद-दूध घेतो आणि ‘होईल बरा’ म्हणून कामाला लागतो. आवाज कसा तपासतात आणि डॉक्टरांना कधी दाखवायचा, हे आज पाहू.

आपल्या घशात दोन नाजूक पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातली हवा वर आली की त्या थरथरतात. साधं बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा थरथरतात, पुरुषाचे १०० ते १२५ वेळा. म्हणून आपला आवाज बारीक.

शिलाई मशीन आठवा. टाके एकसारखे पडले की शिवण सुबक दिसते. एक लांब, एक आखूड पडला की मशीन बिघडलंय हे कळतं. स्वरतंतूंचंही तसंच. थरथर एकसारखी असेल तर आवाज स्वच्छ, कमीजास्त झाली की खरखर. माईक आणि संगणक लावून हा फरक मोजता येतो.

पण नुसत्या आकड्यावर भागत नाही, जाणकार कानही लागतो. जपानमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत आवाज ऐकून पाच गोष्टी तपासतात: एकूण बिघाड, खरखर, हवा निसटणं, अशक्तपणा आणि ताण. प्रत्येकीला ० ते ३ गुण. इथे ० सगळ्यात चांगला!

घरीही एक गोष्ट करता येते. खोल श्वास घ्या आणि एका दमात ‘आऽऽ’ म्हणा. तीनदा करा, घड्याळ लावा. निरोगी बाईला बहुतेक वेळा १५ सेकंद किंवा जास्त जमतं. १० सेकंदही टिकत नसेल तर दवाखान्यात सांगा. दम्यामुळेही वेळ कमी भरतो, त्यामुळे ही फक्त खूण समजा. आजार कोणता, हे दुर्बिणीने स्वरतंतू पाहिल्यावरच कळतं.

आता महत्त्वाचं. सर्दीने बसलेला आवाज बहुधा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी घोगरा असेल, तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवाच. सूज असेल, गाठ असेल, क्वचित कर्करोगही असू शकतो. तो लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर अजिबात चालढकल नको. थुंकीत रक्त दिसलं, गिळताना त्रास झाला, मानेला गाठ लागली किंवा श्वास अडकू लागला, तर तीन आठवडेही थांबू नका.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एकमेकींचा आवाज नीट ऐका. घरच्यांच्या कानाला घोगरेपणाची सवय होते, मैत्रिणीला तो चटकन कळतो.