मैदान सर्वांचे, वाटाही सर्वांचा

परभणी जिल्ह्याची जमीन बहुतांश काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. देवगाव फाट्यासारख्या गावात शाळेचे मैदान दुरुस्त करायचे तर आधी पाणी निघायला उतार, मग मुरमाचा थर आणि त्यावर रोलर हवाच. नुसत्या रंगरंगोटीने भागत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असेही हाच कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. म्हणून बैठकीला अब्बांबरोबर अम्मींनीही जावे आणि विचारावे: आराखड्यात मैदान आहे का? मुलींच्या खेळासाठी वेळ राखून ठेवली आहे का?

प्रत्येकाला पैसे देणे जमणार नाही. कोणी ट्रॅक्टर द्यावा, कोणी रविवारी दोन तास श्रमदान करावे. वर्गणीचा हिशेब मात्र शाळेच्या फळ्यावर सर्वांसमोर लिहावा.

खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर. प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी घर गहाण ठेवले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. आपल्याकडे मागणे त्याहून फार लहान आहे: मुरमाची एक खेप, आणि आपल्या लेकीलाही मैदानावर पाठवणे.