बादली, घड्याळ आणि जमिनीच्या पोटातलं पाणी

मे महिन्याची दुपार. ऊन असं, की वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. चामोर्शीजवळ मार्कंडा नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या दगडी देवळांपाशी महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. अशा नदीकाठी एक आजोबा आणि त्यांची नात उभी आहेत असं समजू या. झाडीपट्टीतली ही चिमुरडी विचारते,

"आबाजी, पाऊस त दिवाळीच्या आधीच सरला. मंग मे महिन्यात नदीले पाणी कोठून येते?"

आबाजी खाली बसतात आणि हाताने वाळू उकरू लागतात. हातभर खड्डा होतो न होतो तोच तळाशी ओल दिसते, मग पाणी साचू लागतं. थोड्या वेळात ते निवळून स्वच्छ होतं. हाच झिरा!

"पाह्य बाई," आबाजी म्हणतात, "जमीन पावसात पाणी पेते अन् उन्हाळ्यात थोडं थोडं सोडते."

बालदोस्तांनो, आबाजींचं उत्तर अगदी बरोबर आहे. पण नातीचा पुढचा प्रश्न मोठा अवघड आहे : "थोडं थोडं म्हंजे किती?"

डोळ्यांना न दिसणारं जमिनीखालचं पाणी मोजायचं तरी कसं? आज आपण तेच बघणार आहोत. त्यासाठी लागणारी पहिली दोन साधनं तुमच्या घरातच आहेत. एक बादली आणि एक घड्याळ.

खडकात पाणी राहतं कसं?

पुष्कळांना वाटतं, जमिनीखाली मोठमोठी तळी असतात, नद्या वाहतात. तसं बहुतेक ठिकाणी नसतं. पाणी असतं ते वाळूच्या कणांमधल्या फटींत, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पाण्यात बुडवलेल्या विटेत पाणी शिरतं, तसंच. ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते वाहूही शकतं, त्याला 'जलधर' म्हणतात.

पश्चिम महाराष्ट्रातला काळा खडक ज्वालामुखीच्या लाव्हापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. चामोर्शीकडचे खडक त्याच्यापुढे पणजोबाच शोभतील! ते दोनशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. हा खडक फार टणक. त्याच्या वरच्या अंगाला ऊन-पावसाने झिजून मुरूम झाला आहे आणि खाली भेगा आहेत. गावच्या विहिरींचं पाणी येतं ते बहुतेक याच मुरमातून आणि भेगांतून. नदीकाठी मात्र गाळ आणि वाळूचा थर आहे. तो पाणी जास्त साठवतो.

जास्त म्हणजे किती? भरलेला थर पूर्ण निथळू दिला, तर त्याच्या आकारमानाच्या शंभरातले किती भाग पाणी बाहेर येतं, त्यावरून हे ठरतं. वाळूच्या गाळातून साधारण १२ ते २० भाग मिळतात. झिजलेल्या कठीण खडकातून मिळतात फक्त २ ते ४. म्हणजे चामोर्शीच्या मुरमाची गुल्लक तशी लहानच!

झऱ्याचं माप : बादली आणि घड्याळ

जमिनीखालचं पाणी जिथे आपणहून बाहेर येतं, तो झरा. त्याचं माप सगळ्यांत सोपं. झऱ्याची सगळी धार पन्हळीतून किंवा पाइपातून एका जागी आणायची. धारेखाली १५ लिटरची बादली ठेवायची आणि घड्याळ लावायचं. समजा, ऑक्टोबरात बादली ३० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ३० लिटर. दिवसाला किती? ३० गुणिले ६० गुणिले २४. उत्तर येतं ४३,२०० लिटर!

हे माप एकदा घेऊन भागत नाही. तीन वेळा घ्यायचं आणि सरासरी काढायची. कारण कधी आपलं बोट घड्याळावर उशिरा पडतं, तर कधी पाणी बादलीबाहेर उडतं.

झरा मोठा असेल तर बादली क्षणात भरते. मग काय करायचं? ओहोळात एक पत्रा आडवा बसवायचा. त्याला वरच्या बाजूला इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी काटकोनी खाच असते. सगळं पाणी त्या खाचेतूनच पडतं. मग खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. मात्र ती पत्र्याला अगदी लागून मोजायची नाही. तिथे पाणी खाली वाकलेलं असतं, म्हणून थोडं मागे जाऊन मोजायची.

या खाचेची गंमत ऐका. पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाहतं. उंची दुप्पट, म्हणजे १० सेंटिमीटर झाली, की पाणीही दुप्पट होईल असं वाटतं ना? पण ते साडेपाच पटींहूनही अधिक होतं, म्हणजे सुमारे ४.४ लिटर! कारण उंची वाढते तशी खाचेची रुंदीही वाढते आणि पाण्याचा वेगही. हे गणित एकोणिसाव्या शतकात बेलफास्टच्या जेम्स थॉमसन या इंजिनिअरने मांडलं. प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचा तो थोरला भाऊ.

विहिरीचं माप : उपसा आणि वाट बघा

विहीर म्हणजे माणसाने मुद्दाम तयार केलेला झराच. तिच्यात तासाला किती पाणी येतं, हे कसं कळणार? पंप लावून विहीर बरीचशी उपसायची. पंप बंद करायचा आणि पाणी किती चढतं ते बघत बसायचं.

समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. साधारण १२.५ चौरस मीटर येईल. तासाभरात पाणी २० सेंटिमीटर चढलं, तर १२.५ गुणिले ०.२, म्हणजे २.५ घनमीटर पाणी आलं. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणून विहिरीची आवक तासाला २,५०० लिटर. पंप तासाला १०,००० लिटर ओढत असेल, तर विहीर कोरडी पडणारच. तिला दोष देऊन काय उपयोग?

विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजण्याचं काम सरकारतर्फेही चालतं. राज्याची 'भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा' साडेतीन हजारांहून अधिक विहिरींवर नजर ठेवून असते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा त्यांची पातळी मोजतात. मे आणि ऑक्टोबरच्या मापांतला फरक फार कामाचा. पावसाळ्यात गुल्लकीत किती भर पडली, हे त्यावरून कळतं.

एक हिशेब करू. एक हेक्टर जमिनीखाली पातळी ३ मीटर चढली. खडक शंभरात २ भाग पाणी देणारा. मग १०,००० गुणिले ३ गुणिले ०.०२, म्हणजे ६०० घनमीटर. सहा लाख लिटर! आता हे बघा. एक हेक्टर उन्हाळी धानाला सगळं मिळून एक कोटी लिटरच्या वर पाणी द्यावं लागतं. त्यातलं निम्मं पुन्हा जमिनीत मुरलं असं धरलं, तरी एका हेक्टरचं उन्हाळी धान विहिरीवर घेतलं, तर ते आठ हेक्टरांखालचा साठा पिऊन टाकतं. शेजारची पिण्याच्या पाण्याची विहीर एप्रिलमध्येच का आटते, ते आलं ना लक्षात?

नदीचं माप : आष्टीचा घाट

झरे आणि विहिरी झाल्या. पण जमिनीखालचं पुष्कळसं पाणी काठाकाठाने, वाळूतून गुपचूप नदीत उतरतं. तिथे बादली कुठे धरणार?

चामोर्शी तालुक्यातच वैनगंगेवर आष्टी गाव आहे. तिथे केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे. अशा केंद्रांवर नदीचं पात्र आडवं विभागतात. प्रत्येक भागाची रुंदी आणि खोली मोजतात. मग छोट्या वाट्या लावलेलं फिरतं चाक पाण्यात सोडतात. पाणी जितकं वेगात, तितकं चाक वेगात फिरतं. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की वाहणारं पाणी कळतं. समजा, उन्हाळ्यात धार ६० मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल आणि वेग सेकंदाला ०.३ मीटर. गुणाकार येतो ९ घनमीटर. सेकंदाला ९,००० लिटर!

पण थांबा, हे सगळंच जमिनीतून आलेलं नसतं. वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरण आहे, चामोर्शीजवळ चिचडोह बॅरेज आहे. तिथून सोडलेलं पाणी वजा करावं लागतं. त्यासाठी युक्ती अशी : नदीवर दोन ठिकाणी माप घ्यायचं, एक वर आणि एक खाली. मधे मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी वजा करायचं आणि कुणी पंपाने उचललं असेल तर ते मिळवायचं. एवढं करून खालच्या मापात जी वाढ उरते, ती जमिनीने दिलेली.

'सुरक्षित' असूनही हंडा रिकामा?

आता एक कोडं. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० ते १,४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच उपसा असेल, तर सरकारी हिशेबात तो भाग 'सुरक्षित' गणला जातो. या जिल्ह्यातले तालुके त्याच रांगेत बसतात. मग काही गावांत मे महिन्यात हापसी नुसती खडखडते आणि आईला हंडा घेऊन लांब जावं लागतं, ते का?

कारण हिशेब वर्षाचा असतो आणि तहान रोजची! कठीण खडकाची गुल्लक लहान. ती पावसाळ्यात भरते आणि लगेच उताराकडे गळू लागते. कुणी एक थेंब उपसला नाही, तरी पाणी नदीकडे सरकतच राहतं. देशाच्या भूजल हिशेबात या नैसर्गिक निचऱ्याचं प्रत्यक्ष माप नसेल, तर मुरलेल्या पाण्याच्या ५ ते १० टक्के धरून पुढे जातात. पण प्रत्येक गावचा उतार वेगळा, मुरूम वेगळा. आपल्या गावाचा खरा आकडा हवा, तर तो गावानेच मोजायला हवा.

आणि त्या मोजण्यात एक जादू आहे. पाऊस थांबल्यावर झऱ्याची धार बहुधा ठरावीक पटीने कमी होते. आपल्या ३० लिटरच्या झऱ्याची धार दर महिन्याला पाऊणपट होते असं समजा. नोव्हेंबरात साडेबावीस, डिसेंबरात सुमारे सतरा, जानेवारीत तेराच्या जवळ. आता वहीत पुढचे महिने मांडा. मे महिन्यात उरतील मिनिटाला फक्त ४ लिटर. तीच बादली भरायला पावणेचार मिनिटं! दिवसाला ५,७६० लिटर. माणशी ५५ लिटर धरले, तर शंभर माणसांना कसेबसे पुरतील. गाव तीनशे वस्तीचं असेल तर?

ही गोष्ट मे महिन्यात कळली तर टँकरची वाट बघण्यापलीकडे हातात काही नसतं. जानेवारीत कळली, तर गाव चार गोष्टी ठरवू शकतं. उन्हाळी धानाऐवजी कमी पाण्याचं पीक घ्यायचं, पिण्याची विहीर राखून ठेवायची, तलावाची गळती पाळ नीट करायची, बोडीतला गाळ काढायचा. झाडीपट्टीतले जुने मालगुजारी तलाव नुसत्या शेतीसाठी नाहीत. तलावाचं पाणी मुरतं आणि पाळीखालच्या विहिरींना पुरवठा करतं. गुल्लक गळकी असेल, तर वरून हळूहळू भर घालत राहायची, ही त्यामागची हुशारी! अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव तर पाऊस आणि विहिरी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. कोणती पिकं घ्यायची, हे त्यावरूनच गावकरी ठरवतात.

करून पाहा

घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. एकट्याने विहिरीवर वाकायचं नाही, हे पक्कं! दोराला जड वजन बांधा आणि दर मीटरवर खूण करा. सकाळी कुणी पाणी काढण्यापूर्वी दोर सोडा. वजन पाण्याला टेकलं की दोर काठाशी धरा आणि माप वाचा. दोर ७.४० मीटर गेला आणि विहिरीचा काठ जमिनीपासून ०.८० मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीखाली ६.६० मीटरवर आहे. दर महिन्याच्या एकाच तारखेला, काठावरच्या एकाच खुणेपासून माप घ्या आणि वहीत लिहा. वर्षभराचा आलेख काढून शाळेच्या भिंतीवर किंवा ग्रामपंचायतीत लावा.

आपल्या नातीचं पुढे काय झालं? ती घरी आली, वही उघडली आणि पहिल्या पानावर तारीख लिहिली. आबाजी बाजूला बसून दोराला गाठी मारू लागले.

"आबाजी, दर महिन्याले मोजाचं न?"

"हो बाई. तू आकडा लिहिजो, मी दोर धरतो."

तुमच्या वहीचं पहिलं पान कधी भरणार?