खरखर गेली, पल्ला तेवढाच

डिजिटल वॉकीटॉकी विकणारा दोन गोष्टी हमखास सांगतो: आवाज स्वच्छ आणि रेंज जास्त. पहिली बहुतेक वेळा खरी असते. दुसरी तपासून घ्यावी.

रेंज ठरते ती उंची, आडोसा आणि अँटेनावर. वॉकीटॉकीच्या व्हीएचएफ-यूएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या दोन संचांच्या मधे सपाट मैदानातसुद्धा साधारण 10 किलोमीटरनंतर पृथ्वीची गोलाई येते. त्यातला एक 100 मीटर उंचीवर नेला, तर हीच मर्यादा 45 किलोमीटरच्या पुढे जाते. उलट 5 वॅटचा संच 10 वॅटचा केला, म्हणून अंतर दुप्पट होत नाही. लहर डिजिटल आहे की अ‍ॅनालॉग, याच्याशी डोंगराला देणंघेणं नसतं.

फरक पडतो तो रेंजच्या कडेला. अ‍ॅनालॉगचा सिग्नल क्षीण होत जातो तशी खरखर वाढते. सरावलेला कान त्यातूनही शब्द वेचतो आणि आपण टापूबाहेर चाललोय हेही ओळखतो. डिजिटल संच आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, त्यांची वैशिष्ट्यं आकड्यांत पाठवतो आणि चुका दुरुस्त करण्यासाठी जादा आकडे सोबत देतो. त्यामुळे अ‍ॅनालॉगवर कान किटतात तिथेही हा खणखणीत बोलतो. पण दुरुस्तीची ताकद संपली, की आवाज तुटतो आणि पाठोपाठ बंदच पडतो.

इतर फायदे मात्र पक्के आहेत. डीएमआर या युरोपीय मानकात 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर 30-30 मिलिसेकंदांच्या पाळ्या लावून दोन संभाषणं चालतात. बोलणारा संच निम्माच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरीही जास्त पुरते.

डिजिटलची दुसरी मेख अमेरिकी अग्निशमन दलांच्या ध्यानात आली. सिग्नल भक्कम असूनही आगीच्या जागी बोलणं कळत नव्हतं. संचातला व्होकोडर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग, माणसाच्या आवाजाच्या घडणीवर बेतलेला. मास्कमधून येणाऱ्या शब्दांत करवतीची घरघर किंवा धोक्याच्या अलार्मची किंकाळी मिसळली, की त्याचा हिशेब चुकायचा. 2008 साली तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने असेच गोंगाट लावून श्रोत्यांकडून चाचण्या घेतल्या. काही गोंगाटांत अ‍ॅनालॉग सरस ठरला, काहींत सगळेच संच अपुरे पडले. पुढे व्होकोडर आणि गोंगाट गाळणारे माइक सुधारले. तरी आगीच्या जागी थेट संपर्कासाठी अ‍ॅनालॉग चॅनेल राखून ठेवणारी दलं तिथे आजही आहेत.

तेव्हा संच घेताना दुकानातल्या शांततेत 'हॅलो, हॅलो' करून भागत नाही. दोन्ही प्रकारचे संच तळघरात, लिफ्टमध्ये, चालू जनरेटरशेजारी न्यावेत, नेहमीचीच वाक्यं बोलावीत आणि पलीकडच्याला ऐकलेलं लिहून काढायला सांगावं. ज्या संचावर कागद बरोबर भरेल, तो आपल्या कामाचा.