कालनिर्णयच्या पानातला पावटा

पुडी कालनिर्णयच्या पानाची होती, म्हणून तारीख कळली: मार्च २०१९. सासूबाई पुड्यांवर नावं लिहीत नसत, बी बघूनच त्यांना वेल आठवे. आत चाळीसेक पावटे होते, तपकिरी, कडेला पांढरी रेघ असलेले. त्या गेल्यावर बियांचा डबा माझ्याकडे आला. जूनमध्ये पहिला पाऊस पडताच मी त्यातले वीस दाणे वाटीभर पाण्यात रात्रभर भिजत घातले. सकाळी पाणी गढूळ आणि चिकट झालं होतं, तिसऱ्या दिवशी वास सुटला. एकही दाणा उगवला नाही. सहा वर्षांचं बी, मेलं असणार, अशी मी समजूत घातली. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की त्यातले काही दाणे माझ्या घाईनंच गेले.

जुन्या, कोरड्या कडधान्यात पेशींभोवतीचे पातळ पडदे आक्रसलेले असतात आणि वयानं झिजलेलेही. ओल सावकाश पोचली तर ते पुन्हा सांधतात. बी आधी आतली मोडतोड दुरुस्त करतं, मग मोड काढतं. पाणी एकदम घुसलं की पडदे फाटतात, आतली साखर आणि क्षार बाहेर झिरपतात, आणि त्या गोडव्यावर बुरशी वाढते. वाटीतलं चिकट पाणी ते हेच. उसळीच्या ताज्या मटकीला रात्रभराचं भिजवणं सोसतं, म्हाताऱ्या बियांना सोसत नाही.

उरलेल्या वीस दाण्यांना मी आधी नुसती दमट हवा दिली. डब्याच्या तळाशी ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर दाणे, वर झाकण. पाण्याचा थेट स्पर्श नाही. एक दिवस आणि एक रात्र गेल्यावर ते घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळले. रोज उघडून पाहायचं, बुळबुळीत झालेला दाणा लगेच काढून टाकायचा. चौथ्या दिवशी पहिला मोड दिसला. दहाव्या दिवसापर्यंत सात झाले. मोड नखाएवढे झाल्यावर ते एकेक करून कुंडीत लावले.

विसांत सात म्हणजे ३५ टक्के. हा आकडा पेरणीआधी हाती असणं फार मोलाचं. सोयाबीन पेरण्यापूर्वी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासा, असं कृषी विभाग खरिपाच्या तोंडावर सांगतो ते यासाठीच. सत्तर उगवले तर नेहमीइतकं बी पुरतं, कमी उगवले तर जास्त पेरावं लागतं. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो, तेव्हाही बियांची परीक्षा होतेच, असं मला वाटतं. घरच्या भाजीसाठी दहा-वीस बियाही पुरतात. निम्म्या उगवल्या तर दुप्पट पेरा. तिसरा हिस्सासुद्धा उगवला नाही, तर वाफ्यात टाकण्याऐवजी फडक्यातच मोड काढून लावा.

सगळ्या भाज्यांचं आयुष्य सारखं नसतं. कांद्याचं बी सर्वांत अल्पायुषी, उघड्यावर राहिलं तर एका पावसाळ्यातच थकतं. मिरची आणि भेंडीचं दोन-तीन वर्षं चालतं, टोमॅटो आणि वांग्याचं चार, काकडी-भोपळ्याचं पाचही. जुनी मिरची दोन-तीन आठवडे हूं की चूं करत नाही, तिला ऊब हवी आणि आपल्याला धीर. कारल्याच्या बियांचं कवच जाड असतं, त्याच्या टोकाला नेलकटरनं अलगद चिमटा काढला की पाणी आत शिरतं. बाजारच्या पाकिटातल्या गुलाबी-निळ्या बियांवर मात्र औषध लावलेलं असतं. त्यांच्यासाठी स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

बी म्हातारं होतं ते ओल आणि उष्णता यांमुळे. बियांतली ओल एका टक्क्यानं उतरली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच, असा हॅरिंग्टन या शास्त्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. आपल्याकडच्या बायकांनी हे राख आणि मडकं वापरून साधलं. कोरडी राख ओल शोषते, आणि तिच्यात घोळलेल्या बियांना किडे सहसा लागत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी याच घरगुती ज्ञानावर देशी वाणांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. फ्लॅटमध्ये राख कुठून आणणार? घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी कोरडे भाजलेले तांदूळ, आणि फ्रिज. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बियांवर दव धरतं.

बिया किती वर्षं जिवंत राहतात हे पाहायला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ साली मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत वाळूबरोबर बिया पुरून ठेवल्या. २०२१ मध्ये त्यातली एक उकरली, आणि काही बिया १४२ वर्षांनी उगवल्या. त्या रानझाडांच्या होत्या. भाज्यांच्या बियांना माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पेरताक्षणी उगवायची सवय लावली आहे, इतकी वाट बघणं त्यांना जमत नाही. म्हणून त्या अधूनमधून पेरून नव्या करून घ्याव्या लागतात.

सातांपैकी दोन रोपं गोगलगायींनी खाल्ली. पाच वेल गॅलरीच्या गजांवर चढले आहेत. पावट्याला फुलं दिवस लहान होऊ लागल्यावरच येतात, त्यामुळे अजून नुसता पाला आहे. पहिल्या शेंगा तोडायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.